एसी ड्राइव्हचे चोक, फिल्टर आणि फेराईट रिंगा: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने बसवावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ४०० व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर १५ किलोवॉटचा एक ब्लोअर एसी ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) चालतो आणि ड्राइव्हपासून मोटरपर्यंत सुमारे ७० मीटर केबल आहे. ड्राइव्ह चालू झाला की पुरवठ्यावरचा आरसीडी (अर्थकडे गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून ट्रिप होतो, डक्टमधल्या प्रेशर ट्रान्समीटरचा ४ ते २० मिलिअँपियरचा संकेत उड्या मारतो आणि ब्लोअर थांबवताना कधी कधी ओव्हरव्होल्टेजचा फॉल्ट येतो. त्यावर उपाय म्हणून इनपुट चोक, नॉईज फिल्टर, फेराईट रिंगा, आउटपुट चोक आणि ब्रेकिंग रेझिस्टर असे सर्व साहित्य आणून ठेवले आहे, आणि ते कुठे व कोणत्या क्रमाने जोडावे हे विचारले आहे.

माझे पहिले सांगणे असे की आजच सगळे जोडू नका. या पाच वस्तूंपैकी एक आपली पहिली तक्रार वाढवणार आहे, एक कदाचित लागणारच नाही, आणि उरलेल्या तिन्हींचा उपयोग पॅनेलमधले अर्थिंग व केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) कशी बांधली आहे यावर अवलंबून आहे. म्हणून आधी ड्राइव्हचा नॉईज, म्हणजे त्याच्यामुळे वाहणारा नको असलेला वेगवान प्रवाह, कुठून निघतो आणि कुठे परत जातो ते पाहू.

ड्राइव्ह आतमध्ये पुरवठ्याचे डीसी करतो. ४०० व्होल्टच्या पुरवठ्यावर ही डीसी बस भरावर सुमारे ५४० व्होल्टची असते. आयजीबीटी, म्हणजे ड्राइव्हमधले वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, ही बस मोटरच्या तारांना सेकंदाला हजारो वेळा जोडतात आणि तोडतात, आणि प्रत्येक वेळी व्होल्टेजची ही उडी साधारण ०.१ मायक्रोसेकंदात पूर्ण होते. म्हणजे एका मायक्रोसेकंदाला पाच हजार व्होल्टच्या आसपासचा चढ. आता केबलची प्रत्येक तार आणि जमीन यांच्यात, तसेच मोटरचे वाइंडिंग आणि तिचे बॉडी यांच्यात थोडी कपॅसिटन्स असतेच. ती नुसती १ नॅनोफॅरड धरली तरी एवढ्या वेगाच्या चढाला तिच्यातून क्षणभर ५ अँपियर प्रवाह वाहतो. हा प्रवाह फेजमधून निघतो, पण फेजमधून परत येत नाही. तो बॉडीतून, अर्थमधून, पायाच्या लोखंडातून, केबल ट्रेमधून, जिथून वाट मिळेल तिथून ड्राइव्हच्या डीसी बसकडे परत येतो. वाटेत आरसीडी असला तर तो ट्रिप होतो, ट्रान्समीटरची शील्ड असली तर संकेत हलतो, आणि बेअरिंग असले तर कालांतराने त्याच्या रेसवर आडव्या पन्हळी उमटतात. आपल्या पहिल्या दोन तक्रारी दिसायला वेगळ्या असल्या तरी मूळ एकच आहे. तिसरीचा याच्याशी काही संबंध नाही.

त्यामुळे चोक, फिल्टर, रिंगा यांच्याकडे पाहताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू या परतणाऱ्या प्रवाहाला अडवते आहे, की त्याला जवळची वाट करून देते आहे? चोक आणि रिंगा अडवतात. फिल्टरमधले अर्थला जोडलेले कपॅसिटर आणि केबलची शील्ड वाट करून देतात. नुसते अडवून भागत नाही, वाटही द्यावी लागते. ती दिली नाही तर प्रवाह आपली वाट शोधतो आणि ती आपल्या सोयीची नसते.

कामाला हात घालण्यापूर्वी पुरवठा तोडून लॉक करावा आणि ड्राइव्हवर लिहिलेला वेळ, जो बहुधा पाच ते दहा मिनिटांचा असतो, पूर्ण जाऊ द्यावा. पॅनेलवरचा डिस्प्ले विझला किंवा चार्जचा दिवा मावळला हा पुरावा नव्हे. १००० व्होल्ट डीसी मोजू शकणाऱ्या मीटरने बसच्या प्लस आणि मायनस टर्मिनलांवर व्होल्टेज प्रत्यक्ष मोजावे आणि ते ५० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नये. मोटर किंवा केबल मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासायची असेल तर ड्राइव्हच्या टर्मिनलांवरून तिन्ही तारा आधी सोडवाव्यात. केबल सोडवण्याच्या कंटाळ्यापायी मेगरने आयजीबीटी उडवलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आता पॅनेलची प्लेट. ज्या प्लेटवर ड्राइव्ह बसला आहे ती रंगवलेली आहे की गॅल्व्हनाइज्ड, हे आधी बघा. रंगवलेली असेल तर ड्राइव्ह, फिल्टर आणि केबल क्लँप जिथे टेकतात तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावेत आणि नंतर कडेने गंजरोधक लावावे. हे काम किरकोळ वाटते, म्हणून कोणी करत नाही. एका पॅनेलवर मी स्वतः चांगला फिल्टर पावडर कोटिंग केलेल्या प्लेटवर बसवून त्याला ६० सेंटिमीटर लांबीची हिरवी तार अर्थ बारपर्यंत दिली होती. मल्टिमीटर शून्य ओहम दाखवत होता आणि नॉईज जसाच्या तसा होता. नंतर कागदावर मांडले तेव्हा उलगडा झाला. सरळ तारेचे इंडक्टन्स ढोबळमानाने दर मीटरला १ मायक्रोहेन्री असते, म्हणजे त्या तारेचे ०.६ मायक्रोहेन्री. १ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा जवळजवळ ३.८ ओहम होतो, तर १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरचा अडथळा त्याच फ्रिक्वेन्सीला सुमारे १.६ ओहम असतो. फिल्टरने जी वाट करून द्यायची, तिच्या दाराशीच मी फिल्टरपेक्षा मोठा अडथळा बांधून ठेवला होता. हिरवी तार सुरक्षेसाठी लागतेच, ती काढायची नाही. पण नॉईजसाठी धातूला धातू टेकलाच पाहिजे, आणि जिथे ते शक्य नाही तिथे गोल तारेऐवजी रुंद, चपटी, विणलेली पट्टी आखूडात आखूड लावावी. पॅनेलचे दार आणि चौकट यांच्यामध्येही अशीच पट्टी असावी.

पुरवठ्याच्या बाजूचा नेहमीचा क्रम असा: एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) किंवा फ्यूज, मग कॉन्टॅक्टर असल्यास कॉन्टॅक्टर, मग इनपुट चोक, मग नॉईज फिल्टर आणि लगेच ड्राइव्ह. काही उत्पादक चोक हा फिल्टर आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये बसवायला सांगतात. आपल्या ड्राइव्हच्या पुस्तिकेत जो क्रम आहे तोच पाळावा, कारण त्या ड्राइव्हची चाचणी त्या क्रमाने झालेली असते. फ्यूजचा प्रकार आणि आकारही पुस्तिकेतूनच घ्यावा. तिथे सेमीकंडक्टर फ्यूज सांगितला असेल तर साधा फ्यूज केबल वाचवेल, ड्राइव्हचा रेक्टिफायर वाचवेलच असे नाही. सर्ज रोधक हा या साखळीत नसतो. तो पॅनेलच्या प्रवेशापाशी फेज आणि अर्थ यांच्यात समांतर जोडायचा असतो, आणि त्याच्या तारा दोन्ही बाजू मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात. कॉन्टॅक्टर असेल तर त्याने मोटर चालू-बंद करण्याची सवय लावू नये, कारण प्रत्येक वेळी बसचे कपॅसिटर रिकामे होऊन पुन्हा भरतात आणि त्यांना भरणाऱ्या रेझिस्टरचे आयुष्य त्यातच संपते.

इनपुट चोकबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, तो आधी दूर करतो. चोक ट्रान्समीटरच्या उड्या थांबवणार नाही, ते त्याचे कामच नव्हे. ड्राइव्हचा रेक्टिफायर पुरवठ्याच्या लाटेच्या माथ्यावरच प्रवाह ओढतो, त्यामुळे प्रवाहाला उंच, अरुंद शिखरे येतात. चोक ती शिखरे रुंद आणि बुटकी करतो. चोक नसताना प्रवाहातील एकूण हार्मोनिक विकृती ८० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, ३ ते ५ टक्क्यांच्या चोकने (म्हणजे भरावर पुरवठ्याच्या एवढे टक्के व्होल्टेज ज्याच्यावर पडते अशा) ती साधारण ४० टक्क्यांच्या आसपास येते. त्याच पुरवठ्यावर पॉवर फॅक्टरची कपॅसिटर बँक चालू-बंद होत असेल तर तिच्या झटक्यापासूनही चोक ड्राइव्हला सांभाळतो. आणलेला चोक योग्य आहे का ते पडताळून पाहता येते. आपल्या मोटरचा प्रवाह सुमारे ३० अँपियर धरू. ४०० व्होल्टला १.७३२ गुणिले ३० अँपियरने भागले की ७.७ ओहम येतात. त्याचे ३ टक्के ०.२३ ओहम, आणि त्याला ३१४ ने (२ गुणिले पाय गुणिले ५०) भागले की ५० हर्ट्झसाठी सुमारे ०.७३ मिलिहेन्री. चोकच्या पाटीवर दर फेजला याच्या जवळपासचा आकडा आणि ३० अँपियर किंवा अधिक क्षमता असेल तर चोक बरोबर आहे.

त्याआधी मात्र ड्राइव्हमध्ये डीसी चोक अंगचाच आहे का, हे पुस्तिकेत बघावे. असेल तर बाहेरच्या चोकची गरज बरीच कमी होते. बाहेरून डीसी चोक लावायचा झाला तर त्यासाठी दिलेल्या दोन टर्मिनलांमधली पितळी किंवा तांब्याची पट्टी काढूनच तो जोडावा लागतो. पट्टी तशीच ठेवली तर प्रवाह पट्टीतून जातो आणि चोक शोभेला उरतो. एसी चोक भरावर चांगलाच तापतो, म्हणून तो ड्राइव्हच्या खाली, त्याच्या पंख्याच्या हवेच्या तोंडाशी बसवू नये.

नॉईज फिल्टर हीच ती वस्तू, जी आपली आरसीडीची तक्रार वाढवणार आहे. फिल्टरमधले कपॅसिटर फेजमधून अर्थकडे मुद्दाम वाट काढून देतात, त्यामुळे पुरवठ्याच्या बाजूने मोजला जाणारा गळती प्रवाह वाढतो. म्हणून फिल्टरला पुरवठा देण्यापूर्वी अर्थची तार प्रथम जोडावी आणि काढताना सर्वांत शेवटी काढावी. गळती प्रवाह ३.५ मिलिअँपियरच्या वर जातो अशा ड्राइव्हसाठी आयईसी ६१८००-५-१ या मानकाने अर्थची तार किमान १० चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, किंवा पहिल्या अर्थ तारेच्याच आकाराची दुसरी अर्थ तार स्वतंत्र टर्मिनलवर असावी, असे पर्याय दिलेले आहेत. दोन तारा मला जास्त भरवशाच्या वाटतात, कारण एक सुटली तरी दुसरी असते.

आरसीडी कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या पाटीवरच्या चिन्हावरून कळते. तीन फेज रेक्टिफायर असलेल्या ड्राइव्हपुढे एसी किंवा ए प्रकारचा आरसीडी चालत नाही. ड्राइव्हच्या आत फॉल्ट झाला तर सलग डीसी गळती वाहू शकते, ती अशा आरसीडीला दिसत नाही, आणि तिच्यामुळे त्याचा गाभा संपृक्त होऊन तो खऱ्या फॉल्टलाही आंधळा होतो. तिथे बी प्रकारचाच आरसीडी हवा. उगाच ट्रिप होतो म्हणून तो बायपास करून ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आपण कृपया तसे करू नये. प्रकार बदलणे, गळती कमी करणे आणि एकाच आरसीडीवर अनेक ड्राइव्ह न टाकणे हेच खरे उपाय आहेत.

फिल्टर जोडताना आणखी दोन गोष्टी. पुरवठ्याचा न्यूट्रल अर्थ केलेला आहे ना, याची खात्री करावी. आयटी पद्धतीच्या, म्हणजे अर्थ न केलेल्या पुरवठ्यावर साधा फिल्टर लावता येत नाही आणि ड्राइव्हच्या आतल्या फिल्टरला अर्थशी जोडणारा स्क्रूही काढावा लागतो, नाहीतर एका फेजला अर्थ लागला की कपॅसिटरवर झेपेल त्याहून जास्त व्होल्टेज येते. दुसरे, फिल्टरमध्ये येणाऱ्या आणि त्यातून ड्राइव्हकडे जाणाऱ्या तारा एकाच डक्टमधून नेऊ नयेत. या तारा शेजारी शेजारी धावल्या की नॉईज फिल्टरला वळसा घालून सरळ उडी मारतो. व्यवस्थित दिसावे म्हणून सगळ्या तारा एकत्र बांधणारा वायरमन इथे सर्वांत जास्त नुकसान करतो.

आता मोटरची बाजू, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ इथेच आहे. केबलमधून व्होल्टेजची उडी सुमारे १५० मीटर प्रति मायक्रोसेकंद वेगाने पुढे जाते. उडीला ०.१ मायक्रोसेकंद लागत असेल तर ७ ते ८ मीटरपुढच्या कोणत्याही केबलच्या टोकाशी ती लाट परतते आणि मोटरच्या टर्मिनलवर बसच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १००० व्होल्टच्या पुढचे शिखर उमटते. थांबवताना बस ७०० व्होल्टवर चढलेली असेल तर तेच शिखर १४०० च्या घरात जाते. आपली केबल ७० मीटर आहे, म्हणजे आपण या मर्यादेच्या फार पलीकडे आहात. मोटर ड्राइव्हसाठी बनवलेली असेल, म्हणजे नेमा एमजी १ या अमेरिकी मोटर मानकाच्या भाग ३१ प्रमाणे १६०० व्होल्टची शिखरे सहन करणारी असेल, तर आउटपुट चोक पुरेसा आहे. जुनी, साध्या इन्सुलेशनची मोटर असेल तर मी चोकवर थांबणार नाही, व्होल्टेजचा चढ मंद करणारा डीव्ही-डीटी फिल्टर लावीन. उड्यांची लाट जवळजवळ साइन लाट करणारा साइन फिल्टर त्याहून चांगला, पण मोठा आणि जड असतो, व्होल्टेज खातो, आणि ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आयजीबीटी सेकंदाला किती वेळा जोडतात-तोडतात तो आकडा) त्या फिल्टरच्या किमान मर्यादेखाली कोणी उतरवली तर तो स्वतःच तापून जळतो. इथे तो लागेल असे वाटत नाही.

आउटपुट चोक ड्राइव्हच्या टर्मिनलांजवळ बसवायचा, मोटरजवळ नव्हे. केबलच्या कपॅसिटन्समध्ये शिरणारा प्रवाह सुरुवातीलाच रोखायचा असतो. ७० मीटर पुढे जाऊन रोखले तर सगळी केबल तोवर नॉईज सांडत आलेली असते. आणि पुरवठ्याच्या बाजूचा नॉईज फिल्टर, कपॅसिटर किंवा सर्ज रोधक आउटपुटला कधीही जोडू नये. एका ठिकाणी नवा ड्राइव्ह सुरू करताच ओव्हरकरंटवर ट्रिप होत होता, केबल बदलून झाली, ड्राइव्हही बदलून झाला. शेवटी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला तेव्हा जुन्या थेट स्टार्टरच्या काळातला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर आतल्या आत जोडलेला सापडला. आपली मोटरही आधी थेट चालत असेल तर हा बॉक्स एकदा उघडून पाहावा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये आयसोलेटर असेल तर तो ड्राइव्ह थांबल्यावरच उघडावा, आणि त्याचा सहायक संपर्क ड्राइव्हच्या एनेबल इनपुटला जोडावा.

फेराईट रिंगांत सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्यातली सर्वांत मोठी मी स्वतः केलेली आहे. मोटरच्या तिन्ही फेज तारा एकत्र, एकाच दिशेने, एकाच रिंगमधून जायला हव्यात. अर्थची तार आणि केबलची शील्ड मात्र रिंगच्या बाहेरून न्यायची. तिन्ही फेजचे कामाचे प्रवाह मिळून शून्य होतात, म्हणून ते रिंगला दिसत नाहीत. तिला फक्त तो परतणारा नॉईज प्रवाह दिसतो आणि ती त्यालाच अडवते. मी एकदा केबल न सोलता, शील्ड व अर्थसकट पूर्ण केबलच रिंगमधून काढली होती. जाणारा प्रवाह आणि शील्डमधून येणारा प्रवाह दोन्ही रिंगमध्ये असल्याने त्यांनी एकमेकांना खोडले आणि रिंग नुसती दागिन्यासारखी लटकत राहिली. दोन दिवस मी रिंगच खराब आहे असे समजून होतो. प्रत्येक फेजची वेगळी रिंग लावणे ही दुसरी चूक. मग ती कामाच्या प्रवाहानेच संपृक्त होते आणि तापते.

रिंगमधून तारांचे वेढे जितके वाढतील त्याच्या वर्गाच्या प्रमाणात परिणाम वाढतो, म्हणून चार वेढे बसले तर उत्तम. तार जाड असल्याने वेढे बसत नसतील तर तीन-चार रिंगा ओळीने लावून तारा एकदाच सरळ न्याव्यात. एका रिंगच्या चार वेढ्यांची बरोबरी चार रिंगांच्या एकेका वेढ्याने होत नाही, पण तापण्याच्या दृष्टीने ती रचना सोपी पडते. अर्ध्या तासाने रिंगला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल तर रिंगा वाढवाव्यात.

शील्ड असलेली केबल असेल तर ती दोन्ही टोकांना, चहूबाजूंनी पकडणाऱ्या धातूच्या क्लँपने किंवा शील्ड पकडणाऱ्या ग्लँडने बांधावी. शील्डची वेणी करून ती लगमध्ये दाबून बोल्टला लावण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती इथे निरुपयोगी आहे. १० सेंटिमीटरच्या अशा शेपटीचे इंडक्टन्स ०.१ मायक्रोहेन्री धरले तर ५० हर्ट्झला तिचा अडथळा ओहमच्या लाखाव्या भागांत मोजावा लागतो, आणि १० मेगाहर्ट्झला तोच सहा ओहमच्या वर जातो. मीटरला ती शेपटी उत्तम दिसते, नॉईजला ती बंद दार दिसते. टर्मिनलपर्यंत शील्ड जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी आणि उघड्या फेज तारा आखूड ठेवाव्यात. आपली केबल साधी असेल आणि बदलणे शक्य नसेल तर ती दोन्ही टोकांना अर्थ केलेल्या अखंड धातूच्या पाइपमधून नेण्यानेही बराच फरक पडतो. आर्मर्ड केबलचे आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये नीट पकडले असेल तर तेही काहीसे काम करते, तांब्याच्या शील्डइतके नाही.

ट्रान्समीटरची केबल मोटरच्या केबलपासून किमान ३० सेंटिमीटर दूर असावी, आणि जिथे ओलांडणे भाग आहे तिथे काटकोनात ओलांडावी. ७० मीटरच्या एकाच ट्रेमध्ये दोन्ही शेजारी टाकल्या असतील तर माझा अंदाज असा की अर्धी तक्रार तिथेच आहे. संकेताची केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शील्डची हवी. या कमी वेगाच्या संकेतासाठी शील्ड ड्राइव्हच्या टोकाला अर्थ करून दुसऱ्या टोकाला मोकळी ठेवावी. एवढ्याने भागले नाही तर ट्रान्समीटर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये सिग्नल आयसोलेटर घालावा. ड्राइव्हमधला अॅनालॉग फिल्टरचा वेळ वाढवून उड्या लपवता येतात, पण ते शेवटी करावे. आधीच केले तर इतर उपायांचा परिणाम दिसेनासा होतो.

हे सर्व करण्याच्या आधी एक बिनखर्चाची चाचणी आहे. कॅरिअर फ्रिक्वेन्सी किती ठेवली आहे ते पाहावे. ८ किंवा १२ किलोहर्ट्झ असेल तर ती ४ वर आणावी. प्रत्येक सेकंदात उड्यांची संख्या कमी झाली की गळती, बेअरिंगमधला प्रवाह आणि ड्राइव्हची स्वतःची उष्णता तिन्ही कमी होतात. मोटर जरा जास्त गुणगुणेल, ब्लोअरच्या आवाजात ते कोणाला जाणवणार नाही. या एका बदलाने आरसीडीचे ट्रिप होणे स्पष्ट कमी झाले तर आपले निदान बरोबर आहे असे समजावे.

आता ओव्हरव्होल्टेज. ब्लोअरचे चाक जड असते, आणि त्याला ठरवलेल्या थोड्या वेळात थांबवायला सांगितले की मोटर जनित्र होते आणि ती ऊर्जा डीसी बसमध्ये ढकलते. बस साधारण ७५० ते ८०० व्होल्टच्या पुढे गेली की ड्राइव्ह हात वर करतो. ब्लोअर ताबडतोब थांबण्याची काही खरी गरज आहे का? नसेल तर थांबण्याचा वेळ तीन-चार पट करावा, किंवा मोटरला आपोआप गरंगळत थांबू द्यावे. ड्राइव्ह पुन्हा सुरू करताना चाक फिरतच असेल तर फिरत्या मोटरला पकडण्याची सोय चालू करावी. मग रेझिस्टर कपाटातच राहू द्या.

तो लावावाच लागला तर त्याचे ओहम पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी नकोत, तो ज्वलनशील वस्तूंपासून दूर आणि पॅनेलच्या बाहेर असावा, कारण त्याचा पृष्ठभाग २०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो, आणि त्याच्या तारा एकमेकींना पीळ दिलेल्या किंवा शील्डच्या असाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या अंगचा तापमान स्विच पुरवठ्याच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी मालिकेत जोडावा. ब्रेकचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसला तर ड्राइव्हला रेझिस्टर बंद करता येत नाही, अशा वेळी पुरवठा तोडणे एवढाच उपाय उरतो. ड्राइव्हच्या फॉल्ट इनपुटला हा स्विच जोडून समाधान मानू नये. आपल्या पॅनेलमध्ये पुरवठ्याला कॉन्टॅक्टर नसेल तर रेझिस्टर लावण्याआधी तो बसवावा लागेल. त्याच पॅनेलमधल्या रिले आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलींवर, एसी असल्यास आरसी सप्रेसर आणि डीसी असल्यास उलटा डायोड, हेही त्याच दिवशी लावून टाकावे.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी कॅरिअर फ्रिक्वेन्सी आणि थांबण्याचा वेळ. मग प्लेट, अर्थ आणि शील्ड. मग केबलींचे अंतर. त्यानंतर आउटपुट चोक आणि रिंगा. त्याच्या पुढच्या टप्प्यात बी प्रकारचा आरसीडी आणि इनपुट चोक. नॉईज फिल्टर सर्वांत शेवटी, आणि तोही एवढे करून ट्रान्समीटर किंवा त्याच पुरवठ्यावरची इतर उपकरणे तक्रार करत असतील तरच. प्रत्येक टप्प्यानंतर गळती मोजणाऱ्या क्लँप मीटरमध्ये पुरवठ्याच्या तिन्ही फेज एकत्र घेऊन आकडा पाहावा, आणि ट्रान्समीटरचा संकेत ब्लोअर एकाच वेगावर असताना एक मिनिट बघून त्याची किमान व कमाल किंमत टिपावी. साध्या मल्टिमीटरने ड्राइव्हच्या आउटपुटचे व्होल्टेज मोजून निष्कर्ष काढू नये, तुकड्या-तुकड्यांच्या त्या लाटेत तो काहीही दाखवतो. हे आकडे तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत, म्हणजे वर्षभराने कोणी ड्राइव्ह बदलताना वेणीची शेपटी पुन्हा लगमध्ये दाबली, तर नेमके काय बिघडले ते त्याला आकड्यांवरून कळेल.